पुस्तकाला ५ स्टार, सेलरला १ (तोही नाइलाजानं)

अ‍ॅलिस वॉकरचं 'द कलर पर्पल' ऑनलाइन मागवलं, १६० रुपयात दिसलं म्हणून, आणि तिथंच फसले. आमच्या गावात कुरिअर येत नाही, पोराचा फोन येते "ताई, फाट्यावर या", तर भर उन्हात दोन किलोमीटर गेले, पॅकेट आणलं, उघडलं तर कागद इतका पातळ की मागची छपाई पुढं दिसते आणि कव्हरचा जांभळा रंग बोटाले लागते. तेही चालवून घेतलं असतं. पण मधातली ३२ पानं गायब, त्यांच्या जागी आधीचीच ३२ परत बांधलेली!

आता ही अख्खी कादंबरीच पत्रांची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली सेली नावाची काळी मुलगी, घरातच तिच्यावर जबरदस्ती झालेली, सांगायला कोणी नाही म्हणून देवाला पत्रं लिहिते. ज्याच्याशी लग्न लावून देतात त्याचं नावही ती पूर्ण लिहीत नाही, मिस्टर आणि पुढं नुसती रेघ. हा मिस्टर तिच्या बहिणीची, नेटीची, आफ्रिकेतून आलेली पत्रं वर्षानुवर्षं पेटीत दडवून ठेवते. ती शेवटी सापडतात ती शगमुळं, म्हणजे गाणारी बाई, मिस्टरचंच जुनं प्रेम. आणि माझी पानं नेमकी तिथंच गेलेली. मिस्टरनं दडवलेली सेलीला तरी भेटली, सेलरनं खाल्लेली मले कोण देणार? नागपूरच्या मैत्रिणीनं तिच्या कॉपीतल्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले तेव्हा कुठं जीवात जीव आला.

मागवलं कशाला तर कॉलेजात मॅडम बोलून गेल्या होत्या की ही लेखिका कापसाच्या गावची आहे, ते डोक्यात राहिलं. वॉकर १९४४ ची, जॉर्जियातलं ईटनटन, आठ भावंडांत सगळ्यात लहान, आईबाप गोऱ्या मालकाची जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचे. विकलेल्या मालाचा चुकारा हातात येते, कृषी केंद्राची उधारी वजा होते आणि मग काय उरते हे ज्यानं पाहिलं त्याला बटई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मालकाला पोरं वावरात पाहिजे होती, आईनं हिला चौथ्या वर्षीच शाळेत टाकलं. आठव्या वर्षी खेळताना भावाच्या छऱ्याच्या बंदुकीनं उजवा डोळा गेला, मग ही लोकांपासून दूर बसून वाचायला लागली, कविता लिहायला लागली. आई लोकांच्या घरी काम करायची, त्या तुटपुंज्या पैशातून तिनं पोरीला तीन गोष्टी घेऊन दिल्या: शिलाई मशीन, सुटकेस आणि टाइपरायटर. १९६८ ला पहिला कवितासंग्रह आला, 'वन्स', १९७० ला पहिली कादंबरी, तीही बटईदाराचीच. 'कलर पर्पल' १९८२ चं, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला मोठा पुरस्कार, कादंबरीसाठी तो मिळालेली ती पहिली काळी बाई.

इंग्रजीला घाबरू नका, पण सुरुवात जड जाईल. सेली बोलते तसंच लिहिते, व्याकरण गेलं खड्ड्यात. मी पहिली वीस पानं डिक्शनरी घेऊन बसले, काहीच जमेना, मग मोठ्यानं वाचायला लागले आणि आपोआप लागलं. आपली वऱ्हाडी कागदावर पाहिली की पुण्याच्या माणसाचं जे होते तेच माझं झालं होतं.

सगळंच गोड नाही. नेटीची आफ्रिकेतली पत्रं मधात भूगोलाच्या पुस्तकासारखी वाटतात आणि शेवटाला सगळे जरा जास्तच लवकर शहाणे होतात. पण सोफिया, मिस्टरची सून! नवरा मारायला उठला तर उलटा हाणते. आणि सेलीनंच त्याला सांगितलेलं असते की बायकोला मार, नंतर तिला झोप लागत नाही. तिथं मी पुस्तक मिटून ओसरीवर जाऊन बसले.

आई संध्याकाळी ब्लाउज शिवता शिवता विचारते, "काय वाचून राह्यली वं एवढं?" म्हणून तिला थोडं थोडं मराठीत सांगते. सेली पुढं मेम्फिसला जाऊन फुलपॅन्टा शिवायचा धंदा टाकते हे ऐकून मशीन थांबली. "बाईमाणसाच्या फुलपॅन्टा? एका पॅन्टचे किती घे ते?"

घ्यायचं तर ओरिजिनल घ्या आणि आल्या आल्या पानं मोजा. माझी रिटर्न रिक्वेस्ट रिजेक्ट झाली आहे, कारण दिलंय 'प्रॉडक्ट वापरलेलं आहे'.