मानेतली धमनी: ऑपरेशन की स्टेंट?

सिडकोतल्या मावशीचा फोन. काकांचा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला, चहाचा कप निसटला, मग सगळं पूर्ववत. तपासणीत मानेतली डावी धमनी 80 टक्के बंद निघाली. मुंबई नाक्यावरचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, गंगापूर रोडवरचे म्हणतात स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी धरणारी धातूची बारीक नळी.

मावशी, आधी घाई. असा झटका येऊन गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत उपाय झाला तर फायदा सर्वाधिक.

मेंदूचा धोका: ऑपरेशनात धमनी उघडून आतला साका खरवडून काढतात. स्टेंटसाठी जांघेतून नळी वर नेतात. सुटलेला कण मेंदूत जाऊ नये म्हणून बहुधा छत्रीसारखी बारीक जाळी आधी उघडतात. तरीही 2010 च्या क्रेस्ट अभ्यासात उपचाराच्या काळात पक्षाघात स्टेंटमध्ये 4.1 टक्के, ऑपरेशनमध्ये 2.3. हार्ट अटॅकचं उलटं: 1.1 आणि 2.3. सत्तरीपुढे पारडं ऑपरेशनकडे झुकतं.

टिकाऊपणात फारसा फरक नाही.

त्रास: ऑपरेशनात मानेवर चिरा, कधी आवाज काही आठवडे घोगरा. स्टेंटला चिरा नाही, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरुवातीला एकदाही चुकवायच्या नाहीत. बीपी मात्र दोन्हीनंतर काटेकोर सांभाळायचं, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाची भीती.

खर्च विचारताना स्टेंट आणि जाळी धरून आकडा मागा.

काका 74 चे, हृदय ठणठणीत: मी ऑपरेशन म्हणेन. मानेला रेडिएशन झालेलं किंवा हृदय फार कमजोर असेल, त्याला स्टेंट. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, वर्षाला अशा किती केसेस करता?