दवाखान्यात आमची मोरी नसते

माझी कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत. चिकट हात आमच्या घराला नवे नाहीत. पण गेल्या पावसाळ्यापासून मी दुकानातून आलो की आमचा अकरा वर्षांचा पोरगा चार हात लांब उभा राहायला लागला. हात धुवायला गेला की पाऊण तास बाहेर येत नव्हता. बोटांची सालं निघाली. आज्जी म्हणायची, "स्वच्छतेची आवड आहे पोराला, असू दे की."

इथल्या मानसोपचार डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून ओसीडी सांगितलं, म्हणजे नको तो विचार डोक्यातून जात नाही आणि त्यापायी तेच तेच करत राहायचा आजार. गोळ्यांआधी सीबीटी, म्हणजे बोलून आणि सराव करून विचार-वागणं बदलायचा उपचार, करून बघू म्हणाले. मुलांबरोबर हे काम करणाऱ्या मॅडम मिळाल्या त्या पुण्याच्या, व्हिडिओ कॉलवर. मला काय पटलं नाही. गुळाचा सौदासुद्धा मी रवा म्हणजे ढेप फोडून, हातात घेऊन करतो. पोराचं मन मोबाईलवर कसं बघणार?

पहिल्या दोन भेटी नुसत्या बोलण्यात गेल्या. डोक्यात हुकूम सोडणाऱ्या त्या विचाराला नाव दे म्हणाल्या. पोरानं ठेवलं 'मुकादम'. ऊसतोडीच्या टोळ्या बघितलेल्या, दुसरं काय सुचणार! मग भीतीची शिडी केली, शून्य ते दहा. दाराची कडी तीन, केएमटी बसचा दांडा सहा, माझा गुळाचा हात नऊ.

तिसऱ्या भेटीपासून फोन थेट मोरीत. कडीला हात लावायचा, धुवायचा नाही, भीती किती ते दर काही मिनिटांनी सांगायचं. तीन, तीन, दोन, एक. न धुताही भीती उतरते आणि मुकादमानं सांगितलेलं आजारपण येत नाही, हे त्यानं स्वतः बघायचं. याला एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. दवाखान्यात आमची मोरी नसते, आमची कडी नसते. मॅडम लांब होत्या म्हणूनच घरात शिरू शकल्या.

खरा अभ्यास आम्हाला होता. "पप्पा, काय होणार नाही ना?" असं तो दिवसातून तीस वेळा विचारायचा आणि मी तीस वेळा "नाही रे" म्हणायचो. ते बंद. आज्जी त्याच्यासाठी कड्या पुसायची, तेही हळूहळू बंद. पहिल्या आठवड्यात पोरगा रडायचा आणि आज्जी देवघरात जाऊन बसायची. आम्ही धीर देत होतो म्हणजे मुकादमाला पगार देत होतो, हे मॅडमनी न रागावता सांगितलं.

पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. चौदा भेटी झाल्या. लक्षणं मोजायची चाळीस गुणांची प्रश्नावली असते, तिच्यात सव्वीसचे अकरा झाले. गेलं म्हणणार नाही. परीक्षा आली की मुकादम डोकावतो.

पाचातला एक तारा कापतोय. घरी करायच्या अभ्यासाचे कागद सगळे इंग्रजीत. बायकोनं रात्री बसून मराठीत उतरवले. जुलैच्या पावसात नेट गेलं त्या भेटीचेही पूर्ण पैसे घेतले. बुकिंगवाल्या पोरीला तीन फोन केले, उत्तर एकच: "सर, पॉलिसी आहे."

अशा व्हिडिओवरच्या भेटी घेणार असाल तर मोबाईलचा स्टँड आधी आणा. आम्ही लोट्याला टेकवून ठेवला होता, मॅडम पहिल्याच दिवशी बादलीत पडल्या.