बर्फाच्या कारखान्यात वीजदराचं घड्याळ: नऊ महिन्यांचा अनुभव

मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. त्या रिकामपणात आम्ही लोड कंट्रोलर पॅनेल बसवलं, म्हणजे विजेच्या दराचे तास बघून मशीनं चालू-बंद करणारी पेटी. ऑगस्टपासून चालू आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण अर्धा दोष त्यांचा तसा अर्धा माझाही.

आमचा बर्फाचा कारखाना लहान, गोव्यात मांडवीच्या जेटीवरच्या ट्रॉलरांना लाद्या पुरवणारा. वेळेनुसार विजेचे दर आले तेव्हा वाटलं, हे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण. केंद्राच्या 2023च्या नियमांनी 10 किलोवॉटवरच्या उद्योगांनाही त्यात घेतलं. साधा दर एक रुपया धरला, तर गर्दीच्या तासांत किमान 1.20 रुपये आणि उन्हाच्या तासांत जास्तीत जास्त 80 पैसे. म्हणजे संध्याकाळचं काम दुपारी केलं की युनिटमागे एक तृतीयांश सुटतात. हा फरक फक्त युनिटच्या दरात असतो, डिमांड चार्जला, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड घेतला त्यावरच्या आकाराला, घड्याळ कळत नाही. ते मला बिल आल्यावर कळलं.

पहिल्या महिन्यात पॅनेलने स्वस्त तास लागताच दोन्ही कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, सगळं सुरू केलं. त्यातच लाद्या फोडणारा क्रशरही चालू होता. डिमांड करारापेक्षा वर गेली, दंड बसला, युनिटांत वाचलेलं सगळं त्यात गेलं. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, मशीनं पाच-पाच मिनिटांनी सुरू करा. काय उपयोग? एकदम सुरू केली काय नि एकामागोमाग काय, मग तासभर सगळी मिळून चालणारच ना! शेवटी क्रशर पहाटेवर टाकला, तेव्हा थांबलं.

खरी युक्ती आमच्या फोरमनकाकांची. ते पॅनेलकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणाले, "पात्रांव (मालक), मशीन कधी चालवायचं ते सोडा, डबे कधी भरतो ते बघा." आम्ही संध्याकाळी लाद्या काढून त्याच डब्यांत ताजं पाणी भरायचो. त्या पाण्याची सुरुवातीची उष्णता ब्राइनमध्ये, म्हणजे डबे ज्यात बुडतात त्या गार खाऱ्या पाण्यात, उतरायची ऐन महाग वेळी. आता लाद्या सकाळी निघतात, स्टोअरमध्ये रचल्या जातात, डबे उन्हाच्या तासांआधी भरतात. दुपारभर ब्राइन उणे दहापर्यंत खाली नेतो आणि दिवे लागले की एक कॉम्प्रेसर बंद. रात्री ते उणे सातवर येतं, त्याच्या वर जाऊ देत नाही. त्याहून गरम झालं की लादीचा गाभा न गोठता पोकळ राहतो आणि ट्रॉलरवाले सरळ परत करतात. एकदा केल्या, अकरा लाद्या.

दुपारी स्वस्त वीज मिळते खरी, पण हवाही तेव्हाच सर्वात गरम. मार्च-एप्रिलमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचं प्रेशर चढतं आणि त्याच लादीला जास्त युनिटं जातात. हिशेब तरी फायद्याचाच राहिला, पण नळ्यांवरचा क्षार दर महिन्याला काढावा लागतो. पूर्वी वर्षातून दोनदा भागायचं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र हे काहीच जमलं नाही. बोटी सुटल्या की दोन्ही कॉम्प्रेसर चोवीस तास लागतात. हलवायला लोडच शिल्लक नसेल तर पॅनेल काय करणार? चवथीला तीन-चार दिवस सुटका, तेवढीच. खरी बचत दिवाळीनंतर दिसली. ज्यांचा कारखाना बारा महिने पूर्ण क्षमतेने चालतो त्यांनी या खर्चात पडू नये.

पॅनेलबद्दल बोलायचं तर मीटरिंग छान. कुठलं मशीन केव्हा किती खातं ते मोबाइलवर दिसतं आणि भांडणं मिटतात. पण एक सीटी (तारेतला करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) उलटी बसवली होती, म्हणून तीन आठवडे पंप वीज "तयार" करत होता! पावसात वीज गेली की घड्याळ चुकायचं, आता छोटी बॅटरी लावली आहे.

पाचपैकी तीन तारे. येत्या बंदीत दुसरं यंत्र घेणार नाही, ब्राइन टाकीवरची कुजलेली लाकडी झाकणं बदलणार. काका दोन वर्षं तेच सांगत होते.