छोट्या शिकारी पक्ष्यांचा घुंगरू-ट्रान्समीटर सेट: ट्रान्समीटर झकास, क्लिपच्या नावाने बोंब

छोटे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्यांसाठी म्हणून जो कॉम्बो सेट विकतात ना, दोन पितळी घुंगरं, ती बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या, लांब गेलेला पक्षी रिसीव्हरवर सिग्नल पकडून शोधायला एक शेपटीवर बसवायचा ट्रान्समीटर आणि सोबत क्लिप-बिप, तो सीझनभर माझ्या मादी स्पॅरोहॉकवर (शिक्र्याच्या जातकुळीतला छोटा शिकारी पक्षी) वापरला, मित्राच्या नरावर पण लावून बघितला, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण असले सेट बरेच जण विकतात आणि जी रड आहे ती थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच आहे.

आधी वजन, बाकी सगळं नंतर. स्पॅरोहॉकचा नर म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपासचा जीव, मादी जवळजवळ दुप्पट. पक्ष्यांवर अभ्यास करणारे लोक अंगावर लावायच्या वस्तू शरीराच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायचं बघतात, काही जण 5 पर्यंत ताणतात. आता 150 ग्रॅमचे 3 टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम, आणि त्यात ट्रान्समीटर, बॅटरी, घुंगरं, पट्ट्या, पायातले अँकलेट (चामड्याची कडी) सगळंच आलं! बॉक्सवर ट्रान्समीटरचं जे वजन छापलंय ते बॅटरी न घालता, क्लिप न धरता. मी दोन सेल घालून क्लिपसकट काट्यावर ठेवला तर चारच्या वर गेला. म्हणजे नराचं जवळपास सगळं बजेट एकट्या ट्रान्समीटरनेच खाल्लं. मादीला चालून जातं, नराला मी हा सेट आहे तसा लावणार नाही, मित्राच्या नराला पण शेवटी एक घुंगरू काढूनच उडवला.

आणि हो, सामान लावायच्या आधी त्याचं वेगळं वजन करून वहीत लिहून ठेवा. एवढ्याशा पक्ष्याच्या बाबतीत दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी तो हातावर येणार की झाडावर बसून तुमच्याकडे बघत राहणार ते ठरतं, आणि सामानासकट तोलून तेच पक्ष्याचं वजन धरलं तर तुम्ही त्याला नकळत उपाशी ठेवताय. मोठ्या बाजावर चार ग्रॅम कोणाच्या लक्षातही येत नाहीत, इथे येतात.

आता घुंगरं. दिसायला छान, पितळ चांगलं, आत गोळी मोकळी फिरते. पण दोन्हीचा सूर एकच!! जुन्या जाणकारांची पद्धत अशी की एक घुंगरू दुसऱ्यापेक्षा अर्धा सूर खाली असावं, दोन सूर एकमेकांना टोचतात म्हणून तो आवाज पानांच्या सळसळीतून वेगळा उठून येतो. या धंद्यात लाहोरी घुंगरांचं जे नाव झालं ते आवाजामुळेच झालं. इथे एकाच साच्यातून काढलेली दोन घुंगरं पिशवीत टाकून दिलीयेत. मी एक बाजूला ठेवलं आणि दुसरीकडून जरा खालच्या सुराचं आणून जोडी जमवली, फरक लगेच कळला.

दुसरं म्हणजे घुंगरू जितकं लहान तितका त्याचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला, आणि वय झालं की माणसाचे कान वरच्या पट्टीत आधी हात टेकतात. आमच्यात एक काका आहेत, पक्ष्यांची जाण आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, पण वीस पावलांवर घुंगरू वाजत असतं आणि ते शांतपणे विचारतात, कुठे गेली रे? त्यामुळे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी घुंगरू विकत घेताना स्वतःच्या कानाशी नाही, कोणाला तरी लांब उभं करून वाजवायला लावून निवडावं.

पायाला बांधायचं की शेपटीला, यावर माझं मत पक्कं आहे, स्पॅरोहॉक, शिक्रा या जातकुळीला एक घुंगरू शेपटीला हवंच. हे पक्षी फांदीवर येऊन बसले की शेपटी झटकतात, ती एक सवयच असते, आणि त्या झटक्यात छुन् असा एकच छोटा आवाज येतो. पाय तोवर स्थिर झालेले असतात, पायातलं घुंगरू गप्प. दाट झाडीत पक्षी नेमका कुठल्या झाडात शिरला हे मला बहुतेक वेळा त्या एका छुन्‌वरूनच कळतं. शिकार पकडून जमिनीवर बसला की मात्र उलटं, तिथे पायातलं घुंगरू बोलतं, पिसं उपटताना थांबून थांबून वाजतं, मग बराच वेळ काही नाही, मग परत. म्हणून मादीला एक पायाला, एक शेपटीला. मर्लिन, केस्ट्रेल असले छोटे ससाणे उडवणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी पायावरच ठेवलं तरी चालतं.

पट्ट्यांचं चामडं ठीकठाक, जरा जाड आहे. या पक्ष्यांचा पाय म्हणजे काडेपेटीची काडी, त्यावर जाड पट्टी नीट वळत नाही. पट्टी पायाभोवती सहज फिरली पाहिजे पण पंजावरून खाली उतरता कामा नये, आणि मागचं बोट तिच्यात अडकायला जागा मिळता कामा नये. घट्ट झाली तर पाय सुजतो. मी पट्टी धारदार पात्याने कडेने तासून पातळ केली, तेल लावून मऊ केली, मग बसली.

ट्रान्समीटरबद्दल मात्र बोलायला जागा नाही, उत्तम आहे. माझा 433 मेगाहर्ट्झचा आहे, युरोपात हा पट्टा चालतो, उत्तर अमेरिकेत 216 च्या आसपासचे वापरतात, तेव्हा घेताना तुमच्याकडच्या नियमात आणि तुमच्या रिसीव्हरवर कुठला बसतो ते बघून घ्या. छोट्या पक्ष्याला 433 चा एक आयता फायदा असा की लहर लहान म्हणून अँटेना पण लहान. पाव लहरीची तार काढली तर 433 ला साधारण 17 सेंटीमीटर, 216 ला 35 च्या जवळ. 216 वाले कॉइल वगैरे टाकून तार आखूड करतात, पण तरी लांबच, आणि एवढ्याशा शेपटीमागे लांब तार लोंबत राहिली की काटेरी झुडपात अडकणार हे नक्की.

रेंजचा आकडा बॉक्सवर जो असतो तो मोकळ्या मैदानात, मध्ये काही आडवं नसताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात पक्षी शिकारीवर पंख पसरून चरात बसला की तोच सिग्नल कसाबसा कुरकुरतो, उडून झाडावर बसला की एकदम कडक. हा दोष ट्रान्समीटरचा नाही, या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून सिग्नल गेला तर धावत सुटण्याआधी एखाद्या उंचवट्यावर चढा, आणि रिसीव्हरची यागी अँटेना (दिशा दाखवणारी, हातात धरायची) आडवी धरून बघा, उभी धरून बघा, पक्ष्याची तार जशी पडली असेल त्याप्रमाणे फरक पडतो. जवळ गेलात की रिसीव्हरचा गेन (सिग्नल पकडायची ताकद) कमी करत जा, नाहीतर चहूबाजूंनी सारखाच टिकटिक ऐकू येतो आणि माणूस गोल गोल फिरत बसतो.

थंडीत फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, सोडायच्या आधी रिसीव्हर बारीक ट्यून करून घ्यायचा, तेवढंच. सेल सिल्व्हर ऑक्साइडचे आहेत, ते शेवटपर्यंत व्होल्टेज छान धरून ठेवतात आणि मग एकदम मान टाकतात, आधी काही इशारा बिशारा नाही. त्यामुळे "कालचे आहेत, चालतील अजून" हा हिशोब इथे करू नका.

आता क्लिप. क्लिपवर खरं तर वेगळा रिव्ह्यू लिहायला हवा. शेपटीच्या मधल्या दोन पिसांच्या दांड्यांवर ही बसते, मुळापासून थोडं अंतर सोडून, आणि ट्रान्समीटरची स्प्रिंग तिच्यात अडकते. सेटमधली क्लिप हॅरिस हॉकसारख्या मोठ्या पक्ष्याच्या दांडीच्या मापाची आहे!! स्पॅरोहॉकच्या दांडीवर ती सैल फिरते, आणि पक्कडीने दाबून घट्ट करायला गेलं की दांडी चिरडते, मग ते पीस मोडलंच समजा, ट्रान्समीटरसकट. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे युनिव्हर्सल साइज आहे. कशाचा युनिव्हर्सल, शहामृगाचा?

शेवटी गिटारच्या प्लेक्ट्रमवर (तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) काम भागलं. शेपटीचं घुंगरू बसवायला ही युक्ती बरेच जण वापरतात, प्लास्टिकच्या त्या तुकड्याला भोकं पाडायची, तो मधल्या दोन दांड्यांवर घट्ट बसवायचा, वर घुंगरू. आम्ही क्लिपसाठी पण तेच केलं, बारीक नळी घेतली, आत पातळ चामड्याचा अस्तर, दोन थेंब गोंद. रात्री, खोलीत मंद उजेड, मित्राने पक्षी सुती कपड्यात हलक्या हाताने धरलेला, डोक्यावर डोळे झाकणारी टोपी, शेपटी तेवढी बाहेर, खाली कार्ड सरकवलेलं म्हणजे गोंद बाकीच्या पिसांना लागत नाही. सगळं आधी मांडून ठेवा, कारण हे छोटे पक्षी धरून ठेवलेले फार वेळ सहन करत नाहीत, अंगाने तापतात, चोच उघडून धापा टाकायला लागली की काम अर्धवट राहिलं तरी सोडून द्यायचं. गोंद पूर्ण वाळेपर्यंत तिला शेपटीकडे चोच नेऊ द्यायची नाही, हे सगळ्यात कठीण. आणि पीस नवं असेल, दांडीत अजून रक्त असेल, तर हात लावू नका, पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. पीसगळीत मधली जोडी सहसा आधी जाते हेही लक्षात असू द्या, त्या दिवसांत ट्रान्समीटर पायावरच बरा.

पायावर लावला तर तार जमिनीलगत राहते, सिग्नल कमी, झटापटीत तार मोडते. पाठीवरचा हार्नेस मोठ्या ससाण्यांना मस्त, पण दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याला घालायला मला तरी धीर होत नाही. जीपीएसवाले पण बघितले, नकाशावर ठिपका दिसतो, मोह होतोच, पण माझ्या नजरेस आलेले सगळे या मापाला जड.

"ट्रान्समीटर आहे मग घुंगरू कशाला" असं म्हणणारे भेटतात. ट्रान्समीटर तुम्हाला त्या बांधापर्यंत नेतो, पुढच्या पन्नास पावलांत झुडपाच्या कुठल्या बाजूला शिरायचं ते घुंगरूच सांगतं. सेल संपले तर उरतं तेही घुंगरूच.

तर रेटिंग: ट्रान्समीटरला पाचपैकी साडेचार, घुंगरांना अडीच, पट्ट्यांना तीन, क्लिपला अर्धा, तो पण खोक्यात होती म्हणून. पूर्ण सेट घेऊ नका, ट्रान्समीटर सुटा मिळतो तो घ्या, घुंगरं कानाने निवडून वेगळी घ्या, आणि क्लिप मागवताना विक्रेत्याला दांडीची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.