ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठी मॉनिटर: बेनक्यू एसडब्ल्यू 240 वापरून काय वाटलं

सरळ सांगतो, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठी मॉनिटर घेताय तर बॉक्सवरचं 99% ॲडोबी आरजीबी वगैरे वाचून पैसे काढू नका. फोटोत रंगच नाहीये तर एवढा गॅमट (मॉनिटर दाखवू शकतो ती रंगांची रेंज) घेऊन करायचंय काय. आपल्याला हवाय तो ग्रे, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीला ग्रेच, मध्येच गुलाबी झाक नाही की हिरवट नाही, आणि डाव्या कोपऱ्यात जो दिसतो तोच उजव्या कोपऱ्यात. आणि नेमकं हेच दुकानात कुणी दाखवत नाही. लॅमिंग्टन रोडला फिरलो तर सगळीकडे पोपट, फुलं, रंगपंचमीचे व्हिडिओ, ब्राइटनेस फुल्ल, वर "साहेब, कलर बघा कसला मारतोय". मी पेनड्राइव्हवर एक काळा-ते-पांढरा ग्रेडियंट आणि एक सपाट ग्रे इमेज नेली होती, ती लावल्यावर एका दुकानदाराने केबल हलवून बघितली, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्हीही असंच घेऊन जा, दोन मिनिटांत निम्मे मॉनिटर बाद होतात.

तर मी घेतला बेनक्यूचा एसडब्ल्यू 240. 24.1 इंच, 1920 बाय 1200, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी टोन फारसे न बदलणारं). गॅमट त्यालाही 99% ॲडोबी आरजीबी आहेच, पण मी घेतला तो हार्डवेअर कॅलिब्रेशनसाठी. साध्या मॉनिटरचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्राने मोजून स्क्रीन अचूक केली, की करेक्शन जातं ग्राफिक्स कार्डमध्ये, तिथे बहुतेक वेळा एका चॅनलला 256 पायऱ्या, त्यातल्या काही करेक्शनमध्ये गळतात, आणि लाल-हिरवा-निळा तिन्हींच्या सारख्या गळत नाहीत, म्हणून एक ग्रे किंचित गुलाबी तर शेजारचा किंचित हिरवा. रंगीत फोटोत हे कुणाच्या बापाला कळत नाही, पण पावसाळी आभाळाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर पट्टे दिसायला लागतात आणि मग आपण बसतो डोकं खाजवत की हे फाइलमध्ये आहे की स्क्रीनमध्ये. या मॉनिटरमध्ये करेक्शन मॉनिटरच्या आतल्या 14-बिट लुटमध्ये (करेक्शनचा तक्ता, 256 पेक्षा कितीतरी बारीक पायऱ्यांचा) लिहिलं जातं, ग्राफिक्स कार्डकडून येणारा सिग्नल आहे तसा राहतो. माझ्याकडे एक्स-राइटचा जुना आय1 डिस्प्ले प्रो (स्क्रीन मोजायचं यंत्र, कॅलिब्रेटर) आहे, तो बेनक्यूच्या पॅलेट मास्टर सॉफ्टवेअरला चालतो. कॅलिब्रेशननंतर ग्रेडियंट इतका स्वच्छ दिसला की मी दोन-तीनदा झूम करून बघितला.

आता सगळ्यांची कॉमन तक्रार, "स्क्रीनवर मस्त दिसतं, प्रिंट काळी येते". प्रिंट काळी येत नाही हो, स्क्रीन दिवाळीसारखी पेटलेली असते. हा मॉनिटर फुल्लवर 250 निट्सपर्यंत (निट्स म्हणजे स्क्रीन किंवा कागद किती उजळ दिसतो त्याचं माप) जातो, आणि कागद किती उजळ दिसणार ते त्याच्यावर पडणाऱ्या उजेडावर ठरतं. हिशोब सोपा आहे, पांढऱ्या कागदासाठी लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) भागिले साधारण साडेतीन केलं की निट्स मिळतात. टेबलावर 300 लक्स असेल तर कागद 85च्या आसपास, आयएसओ 3664 या प्रिंट बघण्याच्या स्टँडर्डमध्ये प्रिंट नेहमीसारखी बघायला 500 लक्स धरलेत तिथे 140च्या आसपास. म्हणजे 250 वर बसून एडिट करणारा माणूस 300 लक्सच्या खोलीतल्या प्रिंटपेक्षा दीड स्टॉप (जवळपास तिप्पट) उजळ बघत असतो, मग लॅबवाल्याशी भांडतो. मी 85 ठेवलाय. सुरुवातीला डोळ्यांना मेल्यासारखा वाटतो, दोन दिवसांत सवय होते.

व्हाइट पॉइंटचं (स्क्रीनचा पांढरा किती निळसर किंवा उबदार ठेवायचा) मात्र पुस्तकी उत्तर घेऊ नका. सगळे डी65 (साधारण 6500 केल्विन) सांगतात, पण माझा कागद कॅन्सन प्लॅटिन, त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं) नसतात त्यामुळे पांढरा जरा उबदार, आणि वर 5000 केल्विनचा एलईडी, त्याच्याशेजारी डी65 चा पांढरा म्हणजे नीळ घातल्यासारखा. मग कोरा कागद दिव्याखाली धरायचा, स्क्रीनवर पांढरी विंडो उघडायची आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत टार्गेट खाली आणायचं, माझं 5800च्या जवळपास थांबलं. तुमचा आकडा वेगळा येणार. आणि घरात ते 6500वाले कूल डेलाइट बल्ब असतील तर आधी ते बदला, भिंत पिस्ता किंवा पीच असेल तर निदान मॉनिटरमागची तरी ग्रे करून घ्या (घरच्यांशी वाटाघाटी आपापल्या जबाबदारीवर).

खरी गंमत काळ्यात आहे. वारीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करणारे पुण्यात ढिगाने आहेत, मी त्यातलाच एक, आणि वारीत तुम्हाला एकाच फ्रेममध्ये उन्हातलं पांढरं धोतर, टोपी, कपाळावरचा बुक्का आणि खांद्यावरची काळी घोंगडी असं सगळं मिळतं. स्क्रीनवर घोंगडीची वीण दिसते, मॅट प्रिंटमध्ये नुसता काळा ठोकळा. कारण मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट 1000:1 आणि मॅट कागदाचा डीमॅक्स (सगळ्यात गडद काळ्याची घनता, लॉग स्केलवर) साधारण 1.6, म्हणजे फक्त 40:1. बरायटा कागद (थोडी चकाकी असलेला फोटो कागद) 2.3 पर्यंत गेला तरी 200:1. ओएलईडीवर तर हा फरक अजूनच फसवतो, व्हिडिओला भारी पण प्रिंटच्या कामाला मी तरी घेणार नाही. उपाय म्हणजे फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला जाऊन त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (तो कागद आणि प्रिंटर टोन कसे छापतात त्याची फाइल) लावायचा आणि सिम्युलेट पेपर कलर टिक करायचं. टिक करताना नजर दुसरीकडे वळवा, नाहीतर फोटो धुतल्यासारखा दिसून जीव तुटतो. थोड्या वेळाने बघितलं की डोळा जुळवून घेतो, आणि मग त्या अवस्थेत घोंगडीचे टोन्स वर उचलायचे.

इथे एक खोच आहे जी फार कमी लोक सांगतात. एपसन प्रिंटरच्या ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू मोडमधून प्रिंट काढत असाल तर कागद कंपनीचा तो आयसीसी प्रोफाइल तिथे लागूच होत नाही, ड्रायव्हर स्वतःचं स्वतः ग्रे मिक्स करतो, मग सॉफ्ट प्रूफ (स्क्रीनवरचा तो प्रिंटचा अंदाज) एक आणि प्रिंट भलतीच. तिथे 21 पायऱ्यांची ग्रे पट्टी त्याच मोडमध्ये छापून मोजायची आणि क्वाडटोनरिप या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या टूलने ग्रे प्रोफाइल बनवायचा. मोजायचं यंत्र नसेल तर निदान ती पट्टी मॉनिटरशेजारी लावून ठेवा, शेवटच्या किती पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते बघितलं तरी खूप कळतं. लॅबकडून प्रिंट काढणाऱ्यांनी लॅबला प्रोफाइल मागा, आणि "तशी काही गरज नसते सर" असं उत्तर आलं तर लॅब बदला.

मॉनिटरचं बाकीचं पटकन सांगतो. ब्लॅक अँड व्हाइट मोड दिलाय, बटण दाबलं की रंगीत फोटो ग्रे दिसतो, पटकन अंदाज घ्यायला ठीक पण कन्व्हर्जन शेवटी लाइटरूममध्ये चॅनल बघूनच करायचं असतं, मी वापरत नाही. यूएसबी-सी नाही, नवीन लॅपटॉपवाल्यांनी ॲडॉप्टर धरून चाला. हूड (स्क्रीनवर बाजूचा उजेड पडू न देणारा आडोसा) वेगळा घ्यावा लागतो, मी काळ्या फोमबोर्डचा कापून डबल टेपने लावलाय, मस्त चालतो. रिझोल्यूशन इंचाला 94 पिक्सेल, म्हणजे 100% वर ग्रेन आणि शार्पनिंग प्रिंटपेक्षा तिप्पट मोठं दिसतं, ते बघून घाबरून शार्पनिंग कमी करू नका, 33% किंवा 25% वर बघून ठरवा. याच्यावरचा एसडब्ल्यू 270सी 27 इंची आहे, 2560 बाय 1440, हूड सोबत आणि यूएसबी-सी पण, टेबलावर जागा आणि खिशात पैसे असतील तर तो. आयझोच्या कलरएज सीजीमध्ये सेन्सर आतच बसवलेला असतो, रोज प्रिंट विकून पोट भरणाऱ्याला परवडेल, हौशी माणसाने त्या पैशात कागद आणि शाई घ्यावी.

बजेट अगदीच कमी असेल तर आहे तोच आयपीएस मॉनिटर ठेवा आणि आधी कॅलिब्रेटर घ्या, डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा आणि मगच मोजायचं, महिन्यातून एकदा पुरे.