हयातीचा दाखला: घरच्या फोनवर चेहरा दाखवून, की सेवा केंद्रात अंगठा लावून?

पेन्शन बँकेकडून ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेत गेली आणि आपण हयात आहोत हे दाखवायला दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, शाखेतल्या ओळखीच्या साहेबांसमोर सही ठोकून परतण्याचे दिवस बहुतेक माजी सैनिकांपुरते संपले. आता रोजच्या वापरातले मार्ग दोन. घरच्या फोनवर चेहरा दाखवायचा, नाहीतर सेवा केंद्रात जाऊन बोटाचा ठसा द्यायचा. निघतो तो दाखला एकच, ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला. प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, दोन्हीकडे मिळतो आणि सरकारदरबारी दोन्हींची किंमत सारखीच. म्हणून ‘दोन्ही सारखेच, जे जवळ पडेल ते करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. तिच्याकडे येतोच.

आधी केंद्राची बाजू, कारण ती उगाच बदनाम झाली आहे. ज्या घरात म्हातारी एकटी आहे आणि मुलगा स्वतः फौजेत दूर तैनात आहे, तिथे चालवणारा माणूस तयार मिळणे ही मोठी गोष्ट. स्मार्टफोन लागत नाही, ॲप उतरवायचे नाही, रेंजची चिंता नाही. आधार कार्ड, स्पर्शचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचे पासबुक आणि ओटीपी येतो तो मोबाईल एवढे नेले की झाले. हातात कागद पडतो, आणि वयस्क माणसाला त्या कागदाचा आधार वाटतो.

अडते ते बोटाशी. आयुष्यभर शेतीत राबलेल्या किंवा भांडी घासलेल्या हातांच्या रेषा सत्तरीनंतर इतक्या झिजतात की यंत्राला पकडायला काही उरत नाही. त्यात नोव्हेंबरच्या थंडीत कातडी कोरडी पडते. यावर थोडेफार करता येते. हात कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करावेत, बोटाला खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात लावून लगेच पुसावे, यंत्राची काच कापडाने साफ करून घ्यावी. अंगठाच लागतो असा समज आहे, पण दहांपैकी कोणतेही बोट चालते. अंगठा आणि तर्जनी सर्वात जास्त झिजलेली असतात, म्हणून अनामिका किंवा मधले बोट आधी लावून पाहावे. जोरात दाबू नये. दाबले की उरल्यासुरल्या रेषाही सपाट होतात आणि ठसा काळपट डागासारखा उमटतो. ‘जोर लावा आजी’ हा केंद्रात हमखास मिळणारा सल्ला नेमका उलटा आहे. दिवाळी-लग्नसराईची मेंदी हातावर ताजी असेल तर चार दिवस थांबलेले बरे. काही केंद्रांत डोळ्याच्या बुबुळाचे यंत्रही असते. बोट तीनदा नाकारले गेले तर ते आहे का विचारावे, कारण स्वतःहून सहसा कोणी काढत नाही.

आता फोन. चेहऱ्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. त्याआधी सात वर्षे, म्हणजे १० नोव्हेंबर २०१४ पासून, जीवन प्रमाण होते पण त्याला बोटाचे किंवा बुबुळाचे यंत्र लागायचे. चेहऱ्यासाठी बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन पुरतो. ॲप मात्र दोन लागतात: ‘जीवन प्रमाण फेस’ आणि आधारचे ‘फेस आरडी’. घोळ दुसऱ्यापाशी होतो. फेस आरडी उतरवले तरी फोनच्या पडद्यावर त्याचे चिन्ह दिसत नाही, कारण ते मागे चालणारे ॲप आहे. चिन्ह दिसत नाही म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा उतरवत बसतात. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत नाव दिसले की काम झाले. दोन्ही ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावीत. कोणी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून ‘दाखला भरा, नाहीतर पेन्शन बंद’ म्हणत असेल तर ती फाईल उघडूच नये. माजी सैनिकांच्या खात्यांवर डोळा ठेवणाऱ्यांचा हाच हंगाम असतो.

ॲप उघडल्यावर पहिल्यांदा ‘ऑपरेटर’ची नोंद होते. हा ऑपरेटर म्हणजे फोन चालवणारा. मुलगा, सून, नात, कोणीही चालते, पेन्शनर स्वतःही चालतो. त्याचा आधार क्रमांक, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा. हे एका फोनवर एकदाच करायचे, त्यानंतर त्याच फोनवर घरातल्या आणि शेजारच्या कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या फौजी गावांत एखाद्या हुशार पोरीचा एक फोन सगळ्या आळीला पुरेल.

चेहरा टिपताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसले की चेहरा काळा पडतो आणि नकार येतो; अंगणातली सकाळची सावली उत्तम. फोन दुसऱ्याने धरावा, डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर. म्हाताऱ्या माणसाने स्वतः धरला की तो हनुवटीखाली जातो. आणि चष्मा, टोपी, डोक्यावरून कपाळापर्यंत आलेला पदर बाजूला. चौकटीची कड हिरवी झाली की पापणी मिटायची. इथेच गाडी अडते, कारण ‘कॅमेऱ्याकडे बघा’ म्हटले की जुना फौजी सावधान झाल्यासारखा डोळे ताणून बघत राहतो. ‘बघा’ म्हणण्याऐवजी ‘हळू डोळे मिटा आणि उघडा’ एवढेच सांगावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांची सूज उतरेपर्यंत हा प्रयोग करू नये.

तरीही चेहरा जुळत नसेल तर कारण बहुधा आधारवरचा फोटो असते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, दात असतानाचा फोटो आणि आजचा चेहरा यांचा मेळ यंत्राला लागत नाही. आधार केंद्रात जाऊन फोटो आणि ठसे नव्याने द्यावे लागतात आणि ते नोंदले जायला दिवस लागतात, म्हणून ही चाचणी ऑक्टोबरातच घ्यावी. ८० वर्षांपुढच्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तो महिनाभर त्यांनी वाया घालवू नये. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केलेले असेल तर चेहरा आणि बोट दोन्ही नाकारले जातात. आधी ते उघडून घ्यावे.

इथपर्यंत तागडी साधारण समतोल आहे, किंबहुना केंद्राकडे झुकलेली. माझ्यापुरती ती फिरली ती एका रकान्यावर.

दाखला भरताना पेन्शन कोणी मंजूर केली आणि कोण देते, असे दोन पर्याय यादीतून निवडावे लागतात. मंजुरीसाठी लष्कराच्या पेन्शनरांना ‘डिफेन्स - पीसीडीए (पी) अलाहाबाद’ हा पर्याय; पीसीडीए म्हणजे संरक्षण खात्याचे लेखा कार्यालय. नौदलाला मुंबईच्या पीसीडीएचा, हवाई दलाला दिल्लीतल्या सुब्रतो पार्कचा. देणारी संस्था मात्र तिन्ही दलांना एकच: ‘स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’. शहराचे नाव प्रयागराज झाले तरी यादीत जुनेच नाव शोधावे. आता होते काय, की केंद्रातला मुलगा आजीला विचारतो, ‘पेन्शन कुठल्या बँकेत येते?’ आजी खरेच उत्तर देते, आणि तो यादीतून ती बँक निवडतो. संगणक तक्रार करत नाही. आधार जुळलेला असतो, प्रमाण आयडी निघतो, मोबाईलवर संदेश येतो, हातात कागद पडतो. सगळे सुरळीत. फक्त दाखला गेला बँकेकडे, जी आता नुसती खाते सांभाळते. स्पर्शच्या लेखी माणसाने दाखला दिलेलाच नाही, आणि हे कळते ते पैसे जमा व्हायचे थांबल्यावर. दाखला पुन्हा नीट भरला की थकलेली रक्कम मिळते, बुडत नाही. पण तोवर औषधांचे आणि किराण्याचे काय, ते ज्याच्या घरी होते त्यालाच ठाऊक.

यात केंद्रवाल्याचा दोष फारसा नाही. त्याच्यासमोर सकाळपासून राज्य सरकारचे, रेल्वेचे, बँकेचे पेन्शनर येऊन गेलेले असतात. मला खटकते ते एवढेच की तिथे पडदा त्याच्याकडे वळलेला असतो. ज्याची पेन्शन त्याला तो रकाना दिसत नाही. घरी फोनवर चूक झालीच तर ती आपल्या डोळ्यांसमोर होते, आणि ‘दाखला भरा’ दाबण्याआधी पुन्हा वाचता येते. एवढ्या एका कारणासाठी आमच्या घरच्या फॅमिली पेन्शनला मी फोनच धरला आहे. दुसऱ्या घरात चित्र वेगळे असू शकते, हे मान्य.

केंद्रातच जायचे असेल तर बाकी काही केले नाही तरी चालेल, निघणाऱ्या कागदावर देणाऱ्या संस्थेपुढे ‘स्पर्श’ आहे का ते तिथेच उभे राहून वाचावे. बँकेचे नाव दिसले तर लगेच दुसरा दाखला काढून घ्यावा. पीपीओ क्रमांकाच्या जागी स्पर्शचा १२ आकडी क्रमांक लागतो. जुन्या पीपीओची लॅमिनेट केलेली प्रत नेली तर तोच जुना क्रमांक टंकला जातो. फॅमिली पेन्शन असेल तर प्रकार ‘फॅमिली’ निवडला आहे ना तेही बघावे. पतीच्या नावाच्या जुन्या कागदावरून ‘सर्व्हिस’ निवडले जाते.

घराबाहेर पडणे शक्य नाही आणि घरात फोन चालवणाराही नाही, अशांसाठी पोस्टमन आहे. टपाल खात्याची पेमेंट्स बँक घरी येऊन दाखला काढून देते, आतापर्यंत शुल्क ७० रुपये. पण पर्याय तोही त्याच यादीतून निवडतो, तेव्हा ‘स्पर्श’ हा शब्द त्यालाही सांगावा लागतो. आधार आणि पीपीओवरचे नाव जुळत नसेल, म्हणजे एकीकडे लक्ष्मी आणि दुसरीकडे लक्ष्मीबाई, तर बोट काय नि चेहरा काय, दोन्हीकडे अडू शकते. तिथे स्पर्शवरून हाताने भरायचा नमुना काढून, अधिकृत अधिकाऱ्याची सही-शिक्का घेऊन तो अपलोड करावा आणि त्याच वेळी नावाची दुरुस्तीही लावून द्यावी. या कामात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते.

कोणताही मार्ग धरला तरी आठवड्याभराने स्पर्शमध्ये लॉगिन करून पुढच्या ओळखीची, म्हणजे पुढचा दाखला देण्याची, तारीख एक वर्ष पुढे गेली का ते पाहावे. सगळ्यांची मुदत नोव्हेंबरच असते असेही नाही. जे निवृत्तीपासूनच स्पर्शमध्ये आहेत त्यांची मुदत मागच्या ओळखीच्या महिन्यावरून ठरते, ती मार्चमध्येही येऊ शकते. आणि फौजेनंतर बँकेत किंवा सरकारी खात्यात दुसरी नोकरी करून तिथलीही पेन्शन घेणाऱ्यांनी दोन पीपीओंसाठी दोन वेगळे दाखले काढावेत. दुसऱ्या दाखल्यात मात्र यादीतून त्या पेन्शनची स्वतःची देणारी संस्था निवडायची, तिथे ‘स्पर्श’ टाकून चालणार नाही.