सगळे वाखाणतात ती बिअर आवडली नाही, तर शेजारच्या नळावरची कोणती घ्याल?

टॅपरूममध्ये, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवून नळातून देतात तिथे, सोबतचा जाणकार मित्र ज्या बिअरचा आग्रह धरतो, ती बहुधा चारांपैकी एक असते. गढूळ, केशरी हेझी आयपीए (इंडिया पेल एल). केळ्याच्या वासाची हेफेवायझन. काळीकुट्ट, दाट स्टाउट. नाहीतर फळ घातलेली आंबट सावर. दोन घोट घ्यायचे, "भारी आहे" म्हणायचं आणि उरलेला ग्लास चकण्याच्या आधाराने कसाबसा रिचवायचा, हे अनेकांचं चालतं. पुढच्या वेळी "आपल्याला क्राफ्ट बिअर झेपत नाही" म्हणून ते पुन्हा नेहमीच्या बाटलीकडे वळतात.

माझ्या मते हा निर्णय घाईचा आहे. क्राफ्ट, म्हणजे छोट्या कारखान्यात बनवलेली, बिअर नावडणाऱ्याला बहुतेकदा तिच्यातली एकच गोष्ट खटकत असते. कुणाला कडूपणा, कुणाला यीस्टचा वास, कुणाला गोडवा, आंबटपणा किंवा पोटात बसणारा जडपणा. नेमकं काय खटकलं हे कळलं की पर्याय सहसा टॅपरूमच्या त्याच फळ्यावर लिहिलेला असतो. म्हणून इथे प्रत्येक गाजलेल्या प्रकाराशेजारी त्याचा पर्याय ठेवला आहे.

हे कौतुक येतं कुठून?

बिअरॲडव्होकेट किंवा अनटॅप्ड या बिअरला गुण देण्याच्या साइट-ॲपवर लोकांनी दिलेले गुण पाहिले तर वरच्या जागा इम्पीरियल स्टाउट आणि हेझी आयपीएंनी अडवलेल्या दिसतात. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट पंथाचे साधू बनवतात ती वेस्टफ्लेटरेन १२ वर्षानुवर्षं जगातली सर्वोत्तम बिअर म्हणून मिरवली. पिवळं झाकण, अल्कोहोल १०.२ टक्के. उत्तम बिअर असेलच, पण अशा याद्यांत वर येणाऱ्या बहुतेक बिअर कडक, दाट आणि ठसठशीत चवीच्या असतात, हा योगायोग नव्हे. गुण देणारी मंडळी बरेचदा छोट्या ग्लासातून एका बैठकीत आठ-दहा प्रकार चाखतात. त्या गर्दीत जी मोठ्याने बोलते तिचीच आठवण राहते आणि स्वच्छ, हलकी लागर, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीतली बिअर, मागे पडते. तुम्ही मात्र पूर्ण ग्लास घेणार, सोबत काहीतरी तिखट खाणार आणि तासभर गप्पा मारणार. दोघांची गरजच वेगळी.

शिवाय जिभाही सारख्या नसतात. कडू चव टिपणारे साधारण २५ प्रकारचे रिसेप्टर माणसाला असतात आणि त्यांची जनुकं माणसागणिक थोडी बदलतात. मित्राला जी आयपीए "अजिबात कडू नाही" वाटते ती तुम्हाला खरोखरच कडू लागत असू शकते. त्यात अडाणीपणा कसला!

नावं ठेवण्याआधी तारीख पाहा

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध टिकाऊ नसतो. ऊन, उष्णता आणि हवा हे त्याचे तीन शत्रू, आणि आपल्याकडच्या दुकानांत तिन्हींची रेलचेल. आयात केलेली आयपीए फ्रिजबाहेरच्या फळीवर एप्रिल-मे काढते तेव्हा तिचा फळांसारखा वास उडून जातो. मागे उरतो तो नुसता कडूपणा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उजेडात राहिली तर हॉप्समधल्या द्रव्यांपासून एक उग्र गंधकी वास तयार होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, कॅन सर्वांत चांगला. तेव्हा आयपीए दुकानातून घेणार असाल तर कॅन घ्या आणि त्यावरची उत्पादनाची तारीख वाचा. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर मी तो परत ठेवतो. टॅपरूमची खरी श्रीमंती हीच, की टाकी पलीकडच्या काचेआड असते.

हेझी आयपीए की वेस्ट कोस्ट, की दोन्ही नकोत?

सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात. हॉप्स माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड रसात तासभर उकळले की कडूपणा उतरतो. उकळी थांबल्यावर किंवा बिअर आंबत असताना टाकले की मुख्यतः वास उतरतो. वेस्ट कोस्ट आयपीए दोन्ही करते. ती पारदर्शक, कोरडी आणि कडू असते, वास संत्र्या-पपनसाच्या सालीचा किंवा देवदाराचा. या चवीचं मूळ कॅस्केड या १९७२ साली बाजारात आलेल्या अमेरिकन हॉप्समध्ये आणि १९८० साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिएरा नेवाडा या कंपनीच्या पेल एलमध्ये आहे (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर). हेझी आयपीए अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाची, व्हरमाँटची. तिथल्या अल्केमिस्ट ब्रूअरीची हेडी टॉपर २०११ मध्ये कॅनमध्ये आली आणि गढूळ बिअरचं वेड पसरलं. ओट्स आणि गहू घालून ती मऊ करतात आणि हॉप्स उशिरा, पण भरमसाट टाकतात. परिणामी आंबा-अननसाचा वास, कमी कडूपणा आणि ज्यूससारखा दाटपणा.

बिअर नव्याने पिणाऱ्याला हेझी द्यावी असं सर्रास सांगितलं जातं, कारण ती कमी कडू. मला हा सल्ला पटत नाही. कडूपणा कमी असला तरी तो गोडसर दाटपणा अर्ध्या ग्लासानंतर तोंडावर बसतो. फारच ताजी असेल तर त्या हॉप्सच्या चोथ्यामुळे घसा खरवडल्यासारखाही होतो, आणि हा दोष चाहते सहसा सांगत नाहीत. वेस्ट कोस्ट निदान आपला स्वभाव लपवत नाही आणि तिचा कोरडा शेवट पुढच्या घोटासाठी तोंड मोकळं करतो.

मग निवड कशी करायची? कडूपणा चालतो पण जडपणा नको, तर वेस्ट कोस्ट. वास आवडतो पण ज्यूस नको, तर साधी पेल एल. हॉप्स तेच, प्रमाण कमी, अल्कोहोल साधारण ५ टक्क्यांच्या आसपास. कडूपणाच नको असेल तर आयपीए हे कुटुंबच सोडा आणि खाली कोल्शबद्दल लिहिलंय ते वाचा. आयबीयू हा कडूपणाचा आकडा फळ्यावर लिहिलेला असतो. वेस्ट कोस्ट साधारण ४० ते ७०, हेफेवायझन ८ ते १५. पण त्यावर आंधळा विश्वास नको. माल्टचा गोडवा भरपूर असला की ५० आयबीयूची बिअरही मवाळ लागते.

गोव्याला जाणार असाल तर तिथल्या गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी ही आयपीए आहे. हणजुणेच्या फ्ली मार्केटशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या जुन्या हिप्पीवरून ते नाव. नावासाठी तरी एकदा घ्यावीशी वाटते, पण आधी एक कॅन दोघांत घ्या.

आयपीएबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. हॉप्सचा कडूपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, त्यामुळे झणझणीत रश्शाबरोबर कडक आयपीए म्हणजे कानातून धूर. आणि ७ टक्क्यांच्या ३३० मिलीत सुमारे २३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४.५ टक्क्यांच्या ५०० मिलीतही जवळपास तेवढंच. ग्लास लहान दिसतो म्हणून "अजून एक" म्हणताना हा हिशेब विसरला जातो.

हेफेवायझन आणि विट: दोन्ही गव्हाच्या, तरी लांबच्या

पुण्यात २००९ साली डूलाली ही टॅपरूम सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या टॅपरूमवर गव्हाच्या बिअरचं राज्य आहे. २०१५ मध्ये बिरा हा ब्रँड आल्यावर ती चव दुकानांतही पोचली. "सुरुवात गव्हाच्या बिअरने कर" हे वाक्य इतकं रुळलंय की ती नावडणाऱ्याला अपराधी वाटतं.

हेफेवायझन बव्हेरियाची. निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचं, आणि केळं-लवंगेचा वास पूर्णपणे यीस्टचा; केळं कुणी घातलेलं नसतं. ब्रूअर आंबवण्याचं तापमान थोडं वर ठेवतो तेव्हा केळं पुढे येतं, खाली ठेवतो तेव्हा लवंग. आपल्याकडच्या अनेक हेफे केळ्याकडे झुकलेल्या असतात, आणि मला तो वास शिकरणीइतका गोड वाटतो. ज्यांना तोच खटकतो त्यांनी विट घ्यावी. बेल्जियन विटमध्ये माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. होगार्डन गावात बंद पडलेली ही बिअर पिअर सेलिस या दूधवाल्याने १९६६ च्या सुमारास पुन्हा सुरू केली आणि तिथून ती जगभर गेली. ती हेफेपेक्षा कोरडी, किंचित आंबुस आणि तळलेल्या मासळीबरोबर फारच छान. कुरकुरीत बोंबील आणि विट यांच्यापुढे मला कुठल्याही आयपीएची आठवण येत नाही.

विटमधले धणेही साबणासारखे वाटत असतील, तर यीस्ट-मसाल्याच्या वाटेला जाऊच नका. ब्लाँड एल किंवा लागर मागवा.

स्टाउट: रंगाला घाबरू नका, साखरेला घाबरा

काळी म्हणजे जड, हा समज चुकीचा आहे. रंग येतो खरपूस भाजलेल्या जवामुळे, आणि रंग द्यायला तो थोडासाच पुरतो. टॅपवरच्या गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्केच, म्हणजे आपल्या नेहमीच्या माइल्ड बिअरपेक्षा कमीच. नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांमुळे ती मलईदार भासते, पण आतून पातळ आणि कोरडी असते. बिनसाखरेची काळी कॉफी आवडणाऱ्याने आयरिश ड्राय स्टाउट किंवा तिच्याच कुळातली पोर्टर जरूर पाहावी.

जाणकार ज्या स्टाउटवर लट्टू असतात ती मात्र वेगळी: इम्पीरियल, परदेशात ८ ते १२ टक्क्यांची, आणि तिची गोड बहीण पेस्ट्री स्टाउट, ज्यात व्हॅनिला, कोको आणि लॅक्टोज घालतात. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती यीस्टला पचत नाही म्हणून बिअरमध्ये तशीच उरते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी मागवण्याआधी विचारावंच. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत बिअरची मर्यादा ८ टक्क्यांवर थांबते, त्यामुळे इथल्या टॅपवरची इम्पीरियल परदेशी इम्पीरियलइतकी कडक नसतेच. जेवणानंतर चौघांत एक ग्लास, एवढाच तिचा उपयोग मला दिसतो. आणि बर्फासारखी थंड दिली तर पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, नाहीतर भाजल्याचा कडवटपणाच पुढे येतो.

सावरवर फार शाई खर्च करत नाही. आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दह्यातलाच. गोझे या जर्मन प्रकारात मीठ आणि धणेही असतात, आणि आपल्याकडे कोकम घातलेल्या सावरही निघतात. सोलकढी आवडते म्हणून ही आवडेल, असं गृहीत धरू नका. पहिल्या घोटात तोंड वाकडं झालं तर दुसऱ्याने सरळ होत नाही. तिच्या जागी काय? उन्हाळ्यात ताजेपणाच हवा असेल तर विट पुरते.

ज्यांना काहीच आवडलं नाही त्यांच्यासाठी

नेहमीच्या लागरवर प्रेम असणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनमध्ये १८४२ साली योसेफ ग्रोलने बनवलेली सोनेरी पिल्सनर ही आजच्या जवळपास सगळ्या बाटल्यांची पूर्वज. तीत दोष लपवायला जागाच नसते. फळं नाहीत, मसाले नाहीत, भरमसाट हॉप्स नाहीत. म्हणूनच चांगली लागर बनवणं अवघड. तरी ती टॅपरूममध्ये कमी दिसते, कारण साधी एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तर लागरला जवळजवळ गोठणबिंदूवर आणखी कित्येक आठवडे टाकीत राहावं लागतं. जागेचं भाडं देणाऱ्या ब्रूअरला तेवढ्या वेळात त्याच टाकीतून दोन एल काढता येतात. फळ्यावर हेलेस (बव्हेरियाची मवाळ लागर) किंवा पिल्सनर दिसली तर ती आधी घ्या. कडूपणा कमी हवा तर हेलेस, थोडा चालत असेल तर पिल्सनर. दोन्ही नसतील तर कोल्श पाहा. कोलोनची ही बिअर एलच्या यीस्टने बनते, पण लागरसारखी थंडीत मुरवतात, त्यामुळे स्वच्छ लागते, आणि माझ्या अनुभवात घाबरलेल्या पाहुण्यासाठी हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

रोज स्ट्राँग घेणाऱ्याची अडचण वेगळी. त्याला क्राफ्ट बिअर "चढत नाही" म्हणून नावडते. तो ज्या कडक, गोडसर चवीला सरावलाय तिच्या जवळ जाणारी म्हणजे बेल्जियन ट्रिपेल किंवा डबेल, पण ग्लासाचा दर पाहिला तर तो पुन्हा आपल्या बाटलीकडे जाईल, आणि मी त्याला अडवणार नाही.

हॉप्स आणि जव दोन्हींची चवच नको असेल तर सायडर (सफरचंदाच्या रसाची) किंवा मीड. पुण्यातली मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. सफरचंदाचा रस घातलेली ॲपल सायझर बऱ्याच दुकानांत मिळते.

काहीही ठरवण्याआधी वेटरला चाखायला छोटा ग्लास मागा. बहुतेक टॅपरूम देतात. एकापेक्षा जास्त चाखायच्या असतील तर लागर-कोल्शने सुरुवात करा, मग गव्हाच्या, मग स्टाउट, आणि आयपीए-सावर सर्वांत शेवटी. त्या आधी आल्या तर पुढच्या सगळ्या पाण्यासारख्या लागतात.